पाचशे डच शब्दांची वही

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

नेदरलँड्समध्ये येऊन सात महिने झाले. आपल्या पेपरात या गावाला 'द हेग' म्हणतात, इथली माणसं 'डेन हाख' म्हणतात, आणि शेवटचा ख आपण सकाळी बेसिनपाशी घसा साफ करतो तिथून येतो. सात महिन्यांत मला आलेलं डच म्हणजे 'खुदेमॉर्खन', 'दांक य वेल' आणि जाताना 'दूई'. बास.

अडचण अशी की अडत काहीच नाही. दुकानात मी तोंड उघडायच्या आत समोरची मुलगी इंग्रजीवर येते. नवरा 'केनिसमिग्रांत', म्हणजे कंपनीने कामासाठी बोलावलेला. त्यामुळे आम्हाला भाषेच्या परीक्षेची सक्ती नाही. पाच वर्षांनी कायमच्या परवान्याचा अर्ज केला तर ती लागेल. पण माझी गरज आजची आहे. पोराच्या शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या, कचऱ्याच्या डब्यांवरची अक्षरं आणि डॉक्टरांचा फोन. फोनवर हातवारे चालत नाहीत.

म्हणून हा प्रकल्प. ३० एप्रिलपर्यंत पाचशे शब्द. एका ॲपवर सहा महिने घालवले आणि त्यातून 'कासव सफरचंद खातं' हे वाक्य पदरात पडलं. डेन हागमध्ये अजून एकही कासव दिसलेलं नाही. तेव्हा नियम एकच: शब्द मला बाहेर कुठेतरी भेटला तरच वहीत जाईल. चार रकाने आखलेत. शब्द, देवनागरीत उच्चार, मराठीत अर्थ, कुठे भेटला. इंग्रजीला रकाना ठेवला नाही. वहीत तेवढी जागाच नव्हती.

७ फेब्रुवारी

शब्द ९: कार्नमेल्क. भेटला चहात.

दुधाच्या कपाटात सगळी खोकी एका उंचीची. घाईत त्यातलं एक उचललं. 'मेल्क' दिसलं ना, मग दूधच. सकाळी चहात ओतलं आणि पातेल्यात चोथापाणी झालं. नवऱ्याने खोकं फिरवून वाचलं आणि म्हणाला, "अगं, हे ताक आहे."

लिटरभर ताकाची कढी केली. छान झाली, हे मान्य करायला हवं. शब्द १०, ११, १२ त्याच कपाटातले: 'फॉल' म्हणजे सायीसकट, 'हाल्फफॉल' म्हणजे अर्धी साय काढलेलं, 'माखर' म्हणजे साय नसलेलं. माखर या शब्दाचा अर्थ रोडका, सडपातळ. गणपतीच्या मखराशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात आता तो कायमचा जोडला गेलाय.

११ फेब्रुवारी

दारं. 'दूवन' म्हणजे ढकला, 'त्रेकन' म्हणजे ओढा. आजही वाचनालयाचं दार ढकलायचं ते ओढत उभी राहिले आणि मागे तीन माणसं शांतपणे थांबली. खुद्द दाराला इथे 'दर' म्हणतात. ओठांचा चंबू करून म्हटलेला दर, पण आपल्या दाराचा सख्खा भाऊ. नाव म्हणजे 'नाम', दात म्हणजे 'तांत', नवं म्हणजे 'नीव', विधवा म्हणजे 'वेदुव'. आणि खिडकी म्हणजे 'राम'. तो मात्र आपला राम नव्हे. पण "राम ओपन" असं कुणी म्हटलं की हात जोडावेसे वाटतात.

एकूण ३१.

१५ फेब्रुवारी

उच्चाराच्या रकान्याबद्दल लिहायला हवं, कारण तो अपेक्षेपेक्षा जास्त कामाचा निघाला.

डच त आणि द दातांपाशीच उच्चारतात, आपल्यासारखे. इंग्रजीतला टी त्यांच्याकडे नाही. क, प, त म्हणताना वाफ सोडत नाहीत, म्हणजे ख, फ, थ यांच्या वाटेला जात नाहीत. तोही आपलाच हिशेब. त्यांचा डब्ल्यू म्हणजे स्वच्छ व. 'वाटर' नाही, 'वातर'. आतापर्यंत मी हे सगळं इंग्रजीच्या वाटेने म्हणत होते, आणि माझं बोलणं ऐकून लोक इंग्रजीवर जात होते, यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं. काल भाजीच्या दुकानात 'वातर' देवनागरीतून म्हटलं. मुलीने डचमध्येच विचारलं की साधं की बुडबुड्यांचं. मला ते कळलं नाही, तो भाग निराळा.

घशातल्या ख ला वहीत नुक्ता दिला होता. नंतर सोडून दिला, कारण दुसरा ख त्यांच्याकडे नाहीच. 'आवडेल' किंवा 'हो, द्या' या अर्थी 'ख्राख' म्हणतात. सुरुवातीला एक, शेवटी एक. दुकानात हा शब्द दिवसातून दहादा लागतो. पहिल्या आठवड्यात घसा बसला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पोराच्या दाताच्या डॉक्टरांची वेळ. मागच्या आठवड्यात तिथल्या बाईंनी तोंडी सांगितलं होतं: "दिन्सदाख, हाल्फ द्री." मला आख्खं वाक्य कळलं म्हणून मी खूश. मंगळवार, हाफ थ्री. पुण्यात आमच्या ऑफिसात लंडनचे साहेब फोनवर हाफ थ्री म्हणायचे ते साडेतीनसाठी. आम्ही तीन वीसला पोचलो, दहा मिनिटं आधी, शहाण्यासारखे.

वेळ अडीचची होती.

न आलेल्या वेळेचे पैसे भरावे लागले. बाई सौजन्याने बोलल्या, त्यामुळे जास्तच लाज वाटली. येताना ट्राममध्ये पोरगा म्हणाला, "आई, हाल्फ द्री म्हणजे तीन व्हायला अर्धा. आम्हाला शाळेत शिकवलंय." वय वर्षं सहा.

२२ फेब्रुवारी

बाबांना फोनवर हा प्रकार सांगितला. ते सांगलीत जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेत. हसतील वाटलं होतं. ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय? अडीच म्हणजे तेच की. अर्धतृतीय. तिसरा अर्धा. त्याचं झिजून अडीच झालं."

मी गप्प. मग त्यांनी विचारलं, "दीडला काय म्हणतात?" वहीत होता: 'आंदरहाल्फ'. फोड केली तर 'दुसरा अर्धा', कारण 'आंदर' या शब्दाचा जुना अर्थ दुसरा. बाबा म्हणाले, "बघ. द्वि आणि अर्ध, दीड. आणि साडेतीन?" हाल्फ फीर, चौथा अर्धा. "ते आपलं औट! अर्धचतुर्थ. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ केले होते. औट हात देह म्हणतात ना, तो साडेतीन हातांचा."

औटकी हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता आणि जुन्या खाऊचं नाव असेल असं समजत होते.

रात्री बसून घड्याळाचा पूर्ण तक्ता केला. सव्वा म्हणजे 'क्वार्त ओफर'. पावणे म्हणजे 'क्वार्त फोर'. पुढे डच माणूस जरा वाहवत जातो: दोन वीसला तो 'अडीचला दहा कमी' म्हणतो आणि दोन पस्तीसला 'अडीच वर पाच'. सगळा संसार त्या अर्ध्याभोवती. पण अडीच हा खुंटा पक्का ठोकला की दावं लांब असलं तरी चालतं.

आकड्यांचंही तसंच. इंग्रजीतून येणाऱ्यांना इथे घाम फुटतो, कारण पंचवीसला 'वीस-पाच' नाही, 'पाच आणि वीस' म्हणतात: 'फाइफ-एन-त्विंतख'. आपण तरी काय म्हणतो? पंच, वीस. बावीस, तेवीस, चोवीस, सगळीकडे एकक आधी. फक्त नवाच्या घरात आपण वाकडे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणे, आणि ते सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतात. वहीत तांबड्या शाईने लिहिलं: नवापाशी सावध.

आणखी दोन खड्डे. 'झेवन' म्हणजे सात (जेवण इथे सहालाच होतं, त्यामुळे घोटाळा टळतो). आणि 'तीन' म्हणजे दहा. तीन म्हणजे दहा! हे कितीही वेळा लिहिलं तरी हात कचरतो.

एकूण ११८. इंग्रजीचा रकाना जागेअभावी नव्हता. आता तो मुद्दाम नाही.

६ मार्च, बुधवार

हाखस मार्क्त, इथला मोठा उघड्यावरचा बाजार. सोम, बुध, शुक्र, शनि भरतो. वही घेऊनच गेले.

एका टपरीवर कारली दिसली. पाटीवर 'सोप्रोपो'. शेजारी हातभर लांब चवळीच्या शेंगा, त्यांचं नाव 'कौसनबांत', शब्दशः मोज्याचा पट्टा. विकणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, कपाळावर टिकली, आणि बोलत होत्या खळाळत्या डचमध्ये. त्या सुरिनामी हिंदुस्तानी. १८७३ साली कलकत्त्याहून 'लल्ला रूख' जहाज मजूर घेऊन सुरिनामला गेलं. १९१६ पर्यंत असे चौतीस हजारांच्या आसपास लोक नेले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातले. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ जण इकडे आले, आणि डेन हागमध्ये त्यांची वस्ती मोठी आहे. बाई घरात सारनामी बोलतात. भोजपुरीच्या पोटातली ती भाषा मला निम्मी कळली, माझी हिंदी त्यांना निम्मी. मग दोघींनी डच धरलं. माझं पहिलं खरं डच संभाषण असं एका भारतीय चेहऱ्याशी झालं, आणि त्या इंग्रजीवर गेल्या नाहीत.

"झेख्त उ हेत मार," त्या म्हणाल्या. बोला, काय देऊ. गल्ल्यापलीकडून हेच ऐकू येतं, आणि मला इतके दिवस ते एक सलग गुरगुरणं वाटायचं.

वजनं: 'ऑन्स' म्हणजे शंभर ग्रॅम, 'पॉन्त' म्हणजे पाचशे. किलोचं माप असलं तरी तोंडात पौंड राहिलाय, जसा आमच्या आजीच्या तोंडात शेर. पाव किलो म्हणजे 'हाल्फ पॉन्त'. पाऊण किलो कारली हवी होती, म्हणून 'आंदरहाल्फ पॉन्त' म्हटलं. दीड पौंड. बाईंनी न विचारता मोजली. काटा थोडा पुढे गेला तेव्हा म्हणाल्या, थोडं जास्त चालेल ना? ख्राख.

"आंदर्स नोख इत्स?" आणखी काही? "दात वास हेत." बास, एवढंच.

एका दिवसात २६ शब्द. विक्रम.

१४ मार्च

वाचनालयात गुरुवारी भाषेचं टेबल असतं. स्वयंसेवक येतात, कॉफी असते, चुका करायला मुभा असते. आमच्या टेबलावरच्या बाई सत्तरीच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला 'उ' म्हणू नकोस, 'य' म्हण. म्हणजे अहो नको, अगं. सत्तरीच्या बाईंना एकेरी! तासभर मी क्रियापदं गिळून बोलत होते. मग लक्षात आलं, घरच्या आजीला आपण 'ए आजी'च म्हणतो की. त्या दिवसापासून जमलं.

आज घराबद्दल बोलत होतो. मी विचारलं, "तुझ्या घराचं हूर किती?"

बाईंचा कप हवेत थांबला. शेजारचा सीरियन मुलगा वहीत खाली बघायला लागला. त्याला ठाऊक होतं, नक्की.

भाडं म्हणजे 'हूर', पण तो ऊ आपला नाही. ओठ ऊ चे आणि जीभ ई ची. साधा सरळ हूर म्हटला की अर्थ होतो वेश्या. बाई मनमुराद हसल्या आणि माझ्याकडून तो स्वर तीसदा म्हणवून घेतला. शिट्टी मारायला ओठ काढ आणि ई म्हण. आपल्याकडे हूर म्हणजे स्वर्गातली परी, हे मला सांगायचं होतं, पण तेवढं डच नव्हतं.

इथे देवनागरी पहिल्यांदा तोकडी पडली. त्या स्वरासाठी आता ई लिहून डोक्यावर शून्य काढते. 'घर' या शब्दातला स्वर तर हौस आणि हाइस यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. त्याला चिन्हही सुचत नाही. नुसता बाण काढून ठेवलाय.

२१ मार्च

द की हेत? प्रत्येक नामाआधी दोन्हींपैकी एक लागतं आणि नियम जवळजवळ नाही. मी चुकले की पोरगा जेवताजेवता सुधारतो: "आई, द नाही. हेत बूक." मी त्याला म्हटलं, "तू 'माझी पेन' म्हणतोस तेव्हा मी बोलते का?" तो म्हणाला, "हो, रोज."

तरी एक सोय सापडली. शब्दाला लाडाचं शेपूट, '-य' किंवा '-त्य', लागलं की तो डोळे मिटून 'हेत'. मुलगीसुद्धा: 'हेत मैश्य', नपुंसकलिंगी. मराठी माणसाला यात काय नवल? ते पोरगं, ते लेकरू, ते कोकरू, ते वासरू. लहान झालं की 'ते'.

आणि हे शेपूट लावायची यांना हौस फार. पिशवीची 'तश्य', पावतीची 'बॉनत्य', बिअरची 'बीर्त्य'. गल्ल्यावरची मुलगी "बॉनत्य?" एवढंच विचारते. पावतीडी हवी का, असं काहीसं ऐकू येतं मला.

३ एप्रिल

बारा दिवस नोंद नाही. पोराला ताप, मग मला. वहीत ११ शब्दांची भर, त्यातले सहा दुखण्याचे: ताप 'कोर्त्स', डोकेदुखी 'होफ्तपाइन', कानदुखी 'ओरपाइन'. दुखणं म्हणजे 'पाइन', पुढे अवयव जोडत जायचं.

'स्तातसीखेल्त' शिकले. बाटलीवरची अनामत, लहान बाटलीला १५ सेंट, मोठीला २५. परत केली की मशीन चिठ्ठी देतं. पोरगा आता रस्त्यातल्या बाटल्यांकडे भंगारवाल्याच्या नजरेने बघतो.

रेल्वेचा शब्द एकच, पण महत्त्वाचा: 'फरत्राखिंग'. गाडी उशिरा आहे. घोषणेत तो आला की फलाटावरचे सगळे एकदम सुस्कारा टाकतात, दादरसारखा.

९ एप्रिल, गुढीपाडवा

श्रीखंडासाठी चक्का. इथे 'क्वार्क' मिळतो. चक्क्याइतका घट्ट नाही, पण रात्रभर फडक्यात टांगला की थेट तोच. घ्यायचा 'फॉल', 'माखर' नाही. माखर क्वार्कचं श्रीखंड खडूसारखं लागतं, हे मागच्या दिवाळीला कळलंय. त्या वेळी शब्द येत नव्हता.

डाळी-पिठांचं पान पूर्ण झालं. रवा 'ख्रीसमेल'. मैदा 'ब्लूम', आणि फूलही ब्लूमच. हळद 'कुर्कुमा' किंवा 'खेलवॉर्तल', पिवळं मूळ. बटाटा 'आर्दआपल', मातीतलं सफरचंद. काबुली चणे 'किकरएर्तन', आणि किकर म्हणजे बेडूक, एर्तन म्हणजे वाटाणे. तर आज पुरणपोळीसोबत कटाची आमटी झाली आणि बेडूकवाटाण्यांच्या पिठाची भजी.

एकूण ३६४.

२७ एप्रिल, शनिवार

राजाचा वाढदिवस. सगळं गाव नारिंगी कपड्यांत, आणि रस्त्यावर सतरंज्या टाकून पोरंटोरं जुनी खेळणी विकायला बसलेली. आमच्या चिरंजीवांनी बाटल्यांच्या पैशातून एक ट्रक घेतला. मी चहाच्या दोन बशा बघत होते. आठेक वर्षांची मुलगी म्हणाली, "आंदरहाल्फ युरो." दोन्हींचे दीड. मी घासाघीस केली नाही. शब्द येत होता, पण पोरीशी काय घासाघीस करायची.

३० एप्रिल

मुदत संपली. ४१२. उरलेले ८८ साठी वही चालू राहील. आज रात्री चाचणी घेतली: नवरा मराठीत विचारणार, मी डच सांगणार. ४१२ पैकी २९७ आले. बाजारातले जवळजवळ सगळे आले. कचऱ्याच्या डब्यांवरचे निम्मे गेले, कारण ते मी पाठ केले होते. कचरा टाकायला नवरा जातो.

फोन अजून केलेला नाही.

२ मे, गुरुवार

पोराचा कान रात्रभर ठणकत होता. नवरा ऑफिसला गेला. आठला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. आधी मशीन: तातडीचं असेल तर १ दाबा. तातडीचं म्हणजे 'स्पूत', वहीत शब्द ३०१. तातडीचं नव्हतं, थांबले.

बाईंनी पहिलं विचारलं ते 'खबोर्तदातुम'. जन्मतारीख. इथे नावाआधी जन्मतारीख विचारतात. सांगितली. मग आडनावाचं स्पेलिंग. इंग्रजीतून सांगितलं असतं तर घोळ झाला असता, कारण यांच्याकडे A म्हणजे आ, E म्हणजे ए, I म्हणजे ई, आपल्या बाराखडीसारखं. बाराखडीच म्हटली. एकदाही "सॉरी?" आलं नाही.

काय होतंय? ओरपाइन. कधीपासून? कालपासून. ताप किती?

एकोणचाळीस. आणि तिथे गाडी थांबली. डोक्यात चाळीस आलं, चाळीसाला एक उणे, आणि जिभेवर 'एकेचाळीस' यायला लागलं. तांबडी शाई आठवली. नऊ आणि तीस. "नेखन-एन-देर्तख," म्हटलं.

बाईंनी की-बोर्डवर टकटक केलं. "मॉर्खन ऑख्तंत, क्वार्त फोर तीन."

मॉर्खन म्हणजे उद्या, ऑख्तंत सकाळी. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ३ मेच्या चौकोनात लिहिलं: कान, पावणेदहा.